पावडरीचा वास

अंडीवाला त्या दिवशी अंगणात आलाच नाही. एरवी त्याची मोटारसायकल थेट खुराड्याच्या दारापर्यंत यायची आणि उतरायच्या आधी तो पाणी मागायचा. आज त्यानं गाडी रस्त्यावरच थांबवली, एक पाय जमिनीला टेकवला आणि अंडी इकडेच आणून द्या म्हणून तिथूनच हाक मारली. गल्ली जिला वहिनी म्हणायची ती घरची सून टोपली घेऊन गेली. नदीपलीकडच्या गावात मानमोडी आलीय, त्यानं सांगितलं. सकाळी तिकडूनच आलोय, चाकांना काय चिकटलंय कुणास ठाऊक, म्हणून आत येत नाही.

वहिनीच्या हातातली टोपली खाली ठेवायची राहून गेली. मानमोडी म्हणजे काय ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आधी कोंबडी एका कोपऱ्यात डोळे मिटून बसते, मग हिरवं हगते, मग मान अशी पिळवटते की चोच पाठीला लागते. गेल्या उन्हाळ्यात तिनं मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून खड्ड्यापर्यंत ओढत नेल्या होत्या आणि शेवटचं पोतं उचलायला घरातलं कुणी आलं नव्हतं.

नवरा आला नव्हता, कारण त्याला त्या दिवशी कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर काढायची होती. त्याचा धंदा पंपाच्या मोटरी दुरुस्त करायचा, आणि घरात काही बिघडलं की नेमकी कुठेतरी मोटर जळायची. सासूबाई आल्या नव्हत्या, कारण त्या ओसरीवर बसून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होत्या की धडधाकट कोंबड्यांना औषध पाजायची दुर्बुद्धी कुणाला झाली होती.

तसं पाहिलं तर त्या खोटं बोलत नव्हत्या. लस वहिनीनंच आणली होती. एका बाटलीत सगळ्या गल्लीच्या कोंबड्यांना पुरेल एवढी लस असते आणि एकदा पाण्यात मिसळली की ती तासा-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून ती घरोघर फिरली होती, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवून सगळं केलं होतं. अंगणात मोठं पिंप मांडून त्यात लसीचं पाणी कालवलं आणि बायकांनी बादल्या भरभरून नेलं. महिना-दीड महिन्यानं रोग आला आणि ज्यांनी लस पाजली त्यांच्या मेल्या, ज्यांनी नाही पाजली त्यांच्याही मेल्या. तेव्हापासून वहिनी नळावर गेली की बोलणी बंद व्हायची. कोपऱ्यावरच्या शिलाईवालीनं तर तोंडावर विचारलं होतं, वहिनी, यंदा काय पाजणार आहात, उंदराचं औषध का?

त्यानंतरचे सहा-सात महिने वहिनीनं व्यापाऱ्याच्या वखारीत धान्य निवडलं. दिवसभर उकिडवं बसायचं, धुळीनं नाक भरायचं, उठताना कंबर धरून उठायचं. मुकादम लघवीला गेलं तरी घड्याळ बघायचा. एकदा तो सगळ्यांदेखत म्हणाला, बाई, घरी कोंबड्या मारून झाल्या, आता इथे वेळ मारताय का. सगळ्या हसल्या आणि वहिनीही हसली, कारण दुसऱ्या दिवशी परत तिथेच बसायचं होतं. त्या हसण्याची तिला अजून लाज वाटायची. साठवलेल्या पैशातून तिनं पुन्हा पिल्लं आणली, वाढवली, आणि आता कुठे ती अंड्यावर आली होती. हा कळप गेला तर पुन्हा वखार, आणि या वेळी कायमची.

रात्री जेवताना तिनं नवऱ्यापाशी विषय काढला. तो म्हणाला, त्या लसीत काही दम नाही हे बघितलंस ना एकदा? पुन्हा कशाला शोभा करून घेतेस? सासूबाईंनी ताट घासायला घेतलं आणि त्यावर राख अशी घासली की वहिनीला जे ऐकायचं ते ऐकू आलं.

सासूबाईंच्या, त्या म्हातारीच्या, स्वच्छतेबद्दल इथेच सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. गल्लीत तिला लख्खमावशी म्हणत. तिच्या घरातल्या डब्यात तोंड दिसायचं. पाण्याच्या टाकीत टाकतात ती ब्लिचिंग पावडर ती टाकीवाल्याकडून मागून आणायची आणि मोरी, उंबरा, बादल्या, कोंबड्यांची भांडी, सगळ्यावर तिचा हात फिरायचा. तिच्या बोटांची कातडी त्या पावडरीनं पांढरी होऊन सोलवटलेली असायची. वहिनीला लग्न होऊन आल्यावर पहिली काही वर्षं या स्वच्छतेचा वैताग यायचा, मग सवय झाली, आणि खरं सांगायचं तर चारचौघांत अभिमानही वाटायचा.

दुसऱ्या दिवशी तिनं चहाचा थर्मास घेतला आणि चालत जनावरांच्या दवाखान्यात गेली. ऊन आतापासूनच चटके देत होतं. दवाखान्यात डॉक्टरीणबाई एका म्हशीच्या मागे कोपरापर्यंत हात घालून उभ्या होत्या आणि म्हशीचा मालक त्यांना कसं तपासायचं ते शिकवत होता. त्यामुळे हात धुऊन त्या खुर्चीत बसल्या तेव्हा आधीच चिडलेल्या होत्या. वहिनी तरी कुठे शांत होती. वर्षभर गिळलेलं सगळं तिनं टेबलावर ओतलं. तुमची लस खोटी निघाली, म्हणाली. गल्लीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही. या वेळी खरी असेल तरच द्या.

डॉक्टरीणबाईंनी एकेक विचारायला सुरुवात केली. बाटली बर्फात आणली होती का? आणली होती. कोंबड्यांना आधी तहानलेलं ठेवलं होतं का? ठेवलं होतं. पाणी कुठलं? हातपंपाचं. भांडं कसलं?

"पिंप. आणि असं स्वच्छ की तुमच्या दवाखान्यात नसेल," वहिनी म्हणाली. "सासूबाईंनी ब्लिचिंग पावडरीनं घासलं. पाण्यातसुद्धा चमचाभर टाकली, औषधाला जोर यावा म्हणून."



"मग तुम्ही कोंबड्यांना नुसतं पाणी पाजलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या बाटलीत जिवंत जंतू असतात. मानमोडीचेच, पण कमजोर केलेले. पावडरीनं ते पिंपातच मेले."

वहिनीला आधी नीट कळलंच नाही. रोगाचे जंतू आपणच पाजायचे? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की तेच तर करायचं असतं. कमजोर जंतू अंगात गेला की कोंबडीला फार काही होत नाही, पण तिचं अंग त्याला ओळखायला शिकतं आणि त्याच्याशी झगडायची तयारी करून ठेवतं. ही तयारी व्हायला पंधरा-वीस दिवस जातात. मग खरा रोग आला तर अंगाला तो अनोळखी राहत नाही, ते वेळेवर उठतं. तयारी नसेल तर अंग ओळख पटवत बसतं, आणि तेवढ्यात कोंबडी जाते. तयारी करायला मुळात तो जंतू जिवंत पोचायला हवा.

वहिनीच्या कानशिलातून वाफ निघाल्यासारखी झाली. सहा-सात महिने वखारीत बसले ते चमचाभर पावडरीपायी. मग तिचा सगळा राग समोरच्या खुर्चीवर गेला.

"हे तेव्हा का नाही सांगितलंत? तुम्हीच म्हणाला होतात, भांडं स्वच्छ पाहिजे. आमच्याकडे स्वच्छ म्हणजे पावडरच."

डॉक्टरीणबाईंनी कपाळ पुसलं. "म्हणाले असेन," त्या म्हणाल्या. "बाहेर रांग असते. पुढचं सांगायचं राहून गेलं असेल." त्यांनी माफी मागितली नाही, पण उठून स्वतः फ्रिजमधून बाटली काढली, थर्मासात बर्फ भरला, आणि या वेळी सगळं दोनदा सांगितलं. भांडं साध्या पाण्यानं धुवा. साबण नको, पावडर नको. पाण्यात आधी दुधाची पावडर कालवा, म्हणजे ब्लिचिंगचं उरलंसुरलं काही असेल तर त्याचा जोर मरतो. आणि आजच्या आज पाजा, रोग नदीपलीकडेच असताना. अलीकडे आल्यावर पाजून उपयोग नाही.

परतीच्या वाटेवर वहिनीनं म्हातारीला काय आणि कसं सांगायचं ते मनात जुळवलं. गोडीनं सांगायचं. तुमची चूक नाही, आई, मलाही माहीत नव्हतं, मीच तर भांडी घासा म्हणाले होते. हे खरंही होतं. चमचाभर पावडर टाकताना वहिनी शेजारीच उभी होती आणि बरं केलंत म्हणाली होती.

पण गल्लीत शिरली तर ओसरीवर शिलाईवाली बसलेली. तिच्या मांडीवर कुणाची तरी चोळी होती आणि तोंडात सुई. थर्मास बघून ती म्हणाली, आणलं का विष? आणि सासूबाई म्हणाल्या, ऐकते का कुणाचं? घालवेल पुन्हा सगळं.

"मी नाही घालवलं," वहिनी म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "तुम्ही घालवलंत, आई. तुमच्या पावडरीनं लस मेली. गल्लीतल्या सगळ्या कोंबड्या तुमच्या स्वच्छतेनं मेल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

शिलाईवालीनं तोंडातली सुई काढली. सासूबाई उठल्या, पदर सारखा केला आणि आत गेल्या.

वहिनीला त्याच क्षणी कळलं की आपण काय केलं. म्हातारी लहान असताना तिची धाकटी बहीण अंगावर पुरळ येऊन तापानं गेली होती. तेव्हा गोवराची लस त्यांच्या वस्तीपर्यंत पोचली नव्हती. पण शेजारपाजारचे म्हणाले, घाणीत राहतात, मग दुसरं काय होणार. तिच्या आईनं ते मरेपर्यंत ऐकलं. हे म्हातारीनं एकदाच सांगितलं होतं, बाळंतपणात वहिनीच्या डोक्याला तेल लावताना, आणि परत कधी विषय काढला नव्हता. वहिनीला स्वतःची चीड आली, पण चीड आली म्हणून बर्फ विरघळायचा थांबत नव्हता. तिनं पिंप हातपंपावर नेलं आणि साध्या पाण्यानं तीन-चारदा विसळलं.

गल्लीतून दोनच घरं आली. बाकीच्यांनी दारं लावून घेतली. शिलाईवालीनं आपल्या कोंबड्या राखायला दारात खाट टाकली, जणू वहिनी चोरून पाजून जाणार होती. वहिनीनं दुधाची पावडर कालवली, बाटलीचं बूच पाण्याखालीच उघडलं आणि काठीनं ढवळलं. तहानलेल्या कोंबड्या भांड्यांवर तुटून पडल्या. माना वर करून घुटके घेताना त्यांचे गळे हलत होते आणि ती एकेकीकडे बघत होती, कुठली राहिली तर नाही ना म्हणून. उरलेली लस निम्म्याहून जास्त होती. ती खड्ड्यात ओतताना तिला रडू येत होतं.

त्या दिवसापासून म्हातारीनं हातात काही धरलं नाही. पावडरीचा डबा फळीवर तसाच राहिला. ताटं वहिनी घासायची, ती नुसती घासल्यासारखी दिसायची. मोरीला बुळबुळीत थर आला. नवऱ्यानं एकदा विचारलं, घर असं का दिसतंय? आणि उत्तराची वाट न बघता तो मोटर बघायला निघून गेला. वहिनीनं दोन-तीनदा बोलायचा प्रयत्न केला. आई, माझ्या तोंडून निघून गेलं. आई, मलाही माहीत नव्हतं. म्हातारी भिंतीकडे तोंड करून म्हणायची, तुझं बरोबर आहे, मी घाणेरडीच. वहिनी चिडून बाहेर जायची आणि खुराड्यातला भुसा उपसायची.

रोग नदी ओलांडून आला तेव्हा गरम वारं सुटलं होतं. पहिली कोंबडी शिलाईवालीची गेली. मग तिच्या शेजारची, मग मागच्या बोळातली. गल्लीत सकाळी उठलं की कुणीतरी कुदळ घेऊन चाललेलं दिसायचं. वहिनीनं खुराड्याच्या दाराला कुलूप लावलं, बाहेरच्या चपला आत आणणं बंद केलं आणि अंडीवाल्याला रस्त्यावरूनच परत पाठवलं. सकाळी दार उघडलं की ती आधी उंबऱ्यातच थांबायची. कोपरा बघायची, भुसा बघायची, माना बघायची.

तिच्या खुराड्यात तीन मेल्या. एक आधीपासून लंगडी होती, दोन अशक्त. दोन-चार जणी कोपरा धरून बसल्या, चारेक दिवस खाईनात, आणि मग एका सकाळी उठून भुसा उकरायला लागल्या. बाकीच्यांना काहीच झालं नाही. वाराही तोच होता, रस्ताही तोच. खुराडं भरलेलं होतं आणि सगळ्या मिळून कलकलाट करत होत्या. ज्या दोन घरांनी पाजलं होतं त्यांच्याकडेही तसंच.

आता तरी कळेल, असं वहिनीला वाटलं. नळावर जाताना तिनं वर्षभरानं पदर नीट खोचला आणि मान वर ठेवली. शिलाईवालीचं खुराडं रिकामं झालं होतं आणि तिचे डोळे सुजले होते, म्हणून वहिनीनं सांभाळूनच विषय काढला, की पुढच्या वेळी सगळ्यांनी मिळून पाजू.

"तुमच्याही तीन मेल्याच ना?" शिलाईवाली म्हणाली. "मग लसीनं काय केलं?"

बाकीच्या वाचल्या, वहिनी म्हणाली. त्यावर मागच्या बोळातली म्हणाली की तुमच्या वाचल्या त्या मावशींमुळे. घर बघा कसं ठेवतात. रोगाला शिरायला जागा कुठे आहे? आणि सगळ्यांनी माना हलवल्या. ज्या दोघींनी लस पाजली होती त्यांनीसुद्धा हलवल्या. वहिनीचा हंडा भरून वाहायला लागला तरी तिच्या लक्षात आलं नाही. तिला ओरडावंसं वाटलं की महिनाभर घरात पावडरीचा कण वापरलेला नाही, मोरी बघायला या, पाय घसरेल. पण ते ओरडून सांगायचं म्हणजे पुन्हा म्हातारीलाच चव्हाट्यावर आणायचं, आणि ते एकदा करून झालं होतं. तिनं हंडा उचलला आणि घरी आली.

संध्याकाळी बायका वाट्या घेऊन दारात आल्या. मावशी, थोडी पावडर द्या. आमचीही खुराडी धुऊन काढतो. म्हातारी ओसरीवर बसली होती. तिनं आधी वाट्यांकडे बघितलं, मग सुनेकडे. वहिनी चुलीपुढे बसल्या जागी थांबली. आता म्हातारी खरं काय ते सांगेल, असं तिला वाटलं.

म्हातारी उठली, फळीवरचा डबा काढला आणि प्रत्येकीच्या वाटीत मूठ मूठ पावडर घातली. त्या रात्री तिनं मोरी घासली. वहिनी अंथरुणात पडून तो घासण्याचा आवाज ऐकत होती आणि तिच्या मनात आलं की या घरात आपण कधीच बरोबर ठरणार नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, कोंबड्या जगल्या ना? मग कुणामुळे जगल्या त्याच्याशी काय करायचंय? आणि कुशीवर वळला.

काही महिन्यांनी लस पुन्हा द्यायची वेळ आली, कारण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की अंगाची तयारी कायम राहत नाही, मधूनमधून आठवण द्यावी लागते. या वेळी गल्लीतली बरीच घरं तयार झाली. नवी पिल्लं प्रत्येकीनं आणली होती आणि भीती ताजी होती. लसीवर विश्वास बसला होता असं नाही. मावशींच्या घरी करतात ते करावं, एवढंच. वहिनीनं तेही पदरात पाडून घेतलं आणि प्रत्येकीला बजावलं की बादली साध्या पाण्यानं धुऊन आणा. सगळ्या हो म्हणाल्या.

सकाळी अंगणात रांग लागली. वहिनी पिंपात दुधाची पावडर ढवळत होती, बर्फातली बाटली अजून थर्मासातच होती. वारा फिरला आणि तिला तो ओळखीचा, नाकात चरचरणारा वास आला. पिंपाचा नव्हता. तिनं मान वर केली. रांगेतल्या बादल्या अशा चकचकीत होत्या की उन्हात डोळे दिपत होते. आज लस पाजायची म्हणून प्रत्येकीनं मुद्दाम घासली होती. वहिनीच्या हातातली काठी थांबली. सांगून झालं होतं, भांडून झालं होतं, आणि आता सगळी गल्ली मिळून पुन्हा तीच लस मारायला निघाली होती.

तेवढ्यात म्हातारी ओसरीवरून उतरली. ती रांगेच्या तोंडाशी गेली, शिलाईवालीच्या हातातून बादली घेतली आणि तोंड आत घालून हुंगली.

"वास येतोय," ती म्हणाली. "परत धू. नुसत्या पाण्यानं."

"अहो मावशी, तुमच्याच पावडरीनं घासलीय," शिलाईवाली म्हणाली.

"म्हणूनच सांगतेय."

म्हातारीनं बादली तिच्या हातात कोंबली आणि हातपंपाकडे बोट दाखवलं. मग दुसरी बादली घेतली, हुंगली, परत दिली. तिसरी. रांग हातपंपाकडे वळली. हातपंप कुरकुरायला लागला आणि बायका पुटपुटत बादल्या विसळू लागल्या. म्हातारी शेजारी उभी राहून आपल्या सोलवटलेल्या बोटांनी प्रत्येक बादलीचा काठ चाचपत होती, नाकाजवळ बोटं नेऊन बघत होती आणि मान हलवत होती. कुणी कारण विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. सुनेकडे तिनं एकदाही बघितलं नाही.

शेवटची बादली झाल्यावर ती पिंपापाशी आली. पिंपाच्या काठावर वाकून तिनं लांब श्वास घेतला. मग आपले दोन्ही हात पदराखाली लपवून घेतले, पिंपाला आपला हात लागू नये असे, आणि दोन पावलं मागे सरून उभी राहिली.

"आता सोड," ती म्हणाली.

वहिनीनं थर्मास उघडला.